तिसरा कॉम्प्युटर

६ फेब्रुवारी

मने,

आशीर्वाद शेवटी लिहीन, उरला तर. आधी काम.

तू मला बंद केलंस ते तुझ्या बाबांकडून कळलं. ब्लॉक म्हणाले. मी विचारलं म्हणजे काय, तर म्हणाले, आता तू कॉम्प्युटरवरून तिला काही पाठवलंस तर तिच्यापर्यंत जाणार नाही, आणि रविवारी तू समोर जाऊन बसलीस तरी ती दिसणार नाही. कधीपर्यंत, तर चांगला अँटीव्हायरस बसवेपर्यंत. म्हणून कागद घेतलाय. पोस्टमनला ब्लॉक करता येत असेल तर तेही करून बघ.

केलं काय एवढं मी? एक फोटो उघडला. फोटो कोण उघडत नाही? आत फोटो नव्हताच, काहीच नव्हतं. मी दोनचार टिचक्या मारल्या आणि उठून मशीनवर बसले, शाळेच्या हॉलचे पडदे द्यायचे होते. दुसऱ्या दिवशी बँकेतल्या बाई कापड घेऊन आल्या आणि दारातूनच हसायला लागल्या. म्हणाल्या, काकू, तुम्ही पुरुषांच्या ताकदीच्या गोळ्या कधीपासून विकायला लागलात? माझ्या नावाने सगळ्या गिऱ्हाइकांना ती घाण चिठ्ठी गेली होती. हॉलचे पडदे सांगणाऱ्या मुख्याध्यापकांनासुद्धा. आणि तुझ्या साहेबांना. तुझ्या साहेबांचा पत्ता माझ्या कॉम्प्युटरमध्ये आला कुठून? तू बाळंतपणाची रजा इथून कळवलीस तेव्हा तूच ठेवून गेलीस. हे सांगायला मी फोन केला तर तू म्हणालीस, "आई, कळत नसेल तर हात लावू नकोस म्हणून किती वेळा सांगितलं?"

त्यावर मी काय म्हणाले ते तुला आठवतंय. परत लिहीत नाही. एवढंच लिहिते की कळत नसेल तर हात लावू नये हे तुला जन्माला घातलं तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. नाहीतर तुला अंघोळ घालायला बाई ठेवली असती.

आता मी फोनवर येत नाही. बाबा तुझ्याशी बोलतात तेव्हा मी तिथेच बसलेली असते. पडद्याच्या कड्या मोजत असते. तू "आई आहे का" विचारतेस तेही ऐकू येतं.

तर अँटीव्हायरस. तू बाबांना सांगितलंस, कुठलाही चांगला घ्या, फुकटचा तेवढा नको. कुठलाही म्हणजे काय उत्तर झालं? कापड कुठलंही लावा म्हणणारी गिऱ्हाइकं माझ्याकडे येतात. त्यांना त्या खिडकीशी काही घेणंदेणं नसतं.

आम्ही दोघं दुकानात गेलो. दुकानदार म्हणजे नुसता चष्मा आहे, चष्म्यामागे एक बारीक माणूस. त्याने काउंटरवर चार डबे मांडले. चारही डब्यांवर ढाल. एक निळी, एक लाल, एक हिरवी आणि एक सोनेरी, तिच्यावर तलवारसुद्धा. मी डबा हलवून बघितला, आत काही वाजेना. उघडून दाखवा म्हटलं तर आत एक कार्ड, त्यावर आकडे. बाकी सगळा डबा हवा. मी म्हटलं, एवढा डबा कशाला मग? तर म्हणाला, लोकांना हातात काहीतरी लागतं.

मी त्याला सरळ विचारलं. चोर आला तर हा मला उठवतो की स्वतःच हाकलतो? त्याने सांगितलं, काही आधी विचारतात, काही हाकलून मग सांगतात. नवे चोर यांना ओळखू कसे येतात? तर म्हणाला, रोज कंपनीकडून नवी यादी येते, म्हणून दरवर्षी परत पैसे भरायचे. सोनेरी डबा भारी आहे, पण तुमचा कॉम्प्युटर म्हातारा, त्याला ते ओझं झेपणार नाही. त्याचं मत हिरव्याला. साधा आहे, गप काम करतो.

मी म्हटलं, मुलीला विचारून सांगते.

तर सांग. चारातला कुठला ते कागदावर लिहून पाठव. मला डब्याची हौस नाही. ठकी आता माणसं ओळखायला लागली असेल. या वयात बाळाला जो दिसतो तो आपला. मी दिसत नाही.

आशीर्वाद आहे.

आई

१५ फेब्रुवारी

मने,

तुझं पत्र आलं नाही. बाबांच्या फोनवर निरोप आला, दुकानदार म्हणेल तो घ्या. बरं. हिरवा घेतला. बाबांनी चष्म्याला फोनवर विचारत विचारत बसवला. पूर्ण दुपार गेली त्यात, कारण आकडे घालताना हे मधेच पत्त्यांचा खेळ बघायला जात होते. बसला एकदाचा. कोपऱ्यात एक हिरवं चिन्ह आलं आणि गप बसलं. मला बरं वाटलं. मी म्हटलं, आता तिला सांगा, उघड म्हणावं.

हे फोन लावणार तेवढ्यात विहीणबाईंचाच फोन आला.

किती गोड बोलतात बाई. शाळेत हेडबाई होत्या, आवाज अजून तसाच, पट्टी आहे पण साखरेत घोळलेली. माझी तब्येत विचारली, बाबांचे गुडघे विचारले. मग म्हणाल्या, "तुमच्याकडे कॉम्प्युटरचा त्रास झाला म्हणे. माझ्याकडे आपल्या लेकीने स्वतः येऊन सगळं बसवून दिलं हो. सकाळी आली ती दिवसभर त्याच्यासमोर. जेवलीसुद्धा तिथेच."

आपल्या लेकीने. आपली कधीपासून? कळा तुम्ही काढल्यात का? गोवर तुम्ही काढलात का?

मी विचारलं, कधी आली होती? त्यांनी तारीख सांगितली. त्यांच्या गावाहून आमच्या दारापर्यंत बस येते हे तुला माहीत आहे, त्याच बसने तू शाळेच्या सहलीला गेली होतीस. तू तिथपर्यंत आलीस, तिथे बसलीस, जेवलीस आणि परत गेलीस. मला बाबांनी सांगितलं नाही. त्यांना माहीत होतं की नाही ते विचारलं तर ते गुडघा चोळत बसले. म्हणजे होतं.

आणि पुढे ऐक. त्या म्हणाल्या, एकदा घेतला की तो तीन कॉम्प्युटरला चालतो. एक तुझा, एक जावयाचा, आणि तिसरा माझा, म्हणजे त्यांचा. "मला काही खर्चच नाही," म्हणाल्या.

मी फोन ठेवला आणि मुख्याध्यापकांच्या पडद्याची एक अख्खी कड उलट्या बाजूने शिवली. उसवायला लागली.

तिसरा कॉम्प्युटर. तू तो डबा घेताना तिसरा कोणाचा असा विचार केला असशील की नाही? एक क्षण तरी? का हात आपोआप तिकडे गेला? मला हिशेब कळत नाही असं तू म्हणतेस. हा कळला.

मला सांग, त्यांच्याकडे काय आहे? त्यांना कॉम्प्युटर कळतो. त्यांना जे पाठवशील ते त्या वाचतात, आणि उत्तरात चूक नसते. त्यांच्याकडे ठकीचे फोटो माझ्याआधी पोचतात, मग त्या मला पाठवतात, बघा बघा म्हणून. आपल्याच नातीचा फोटो मी दुसऱ्याच्या हातून बघायचा. आणि तू त्यांना आईच म्हणतेस. मी लग्नात ऐकलं तेव्हा मला वाटलं मलाच हाक मारलीस, मी वळले होते. कुणी बघितलं नाही.

मी बाबांना परत दुकानात पाठवलं. विहीणबाईंकडे जो आहे तोच आणा. नाव त्यांनी मला फोनवर सांगितलं होतं, तो सोनेरी, तलवारवाला. हे म्हणाले, अगं हिरवा आहे ना. मी म्हटलं, दाराला दोन कुलपं लावत नाहीत का लोक? हिरवा राहू दे, त्याने काय वाईट केलंय. सोनेरी त्याच्यावर बसवा. जे त्यांच्याकडे आहे ते माझ्याकडे असलं पाहिजे.

आता तरी माझ्या कॉम्प्युटरला नावं ठेवायला जागा नाही. रविवारी उघड.

आई

२१ फेब्रुवारी

मने,

रविवारी तू उघडलं असशील तर तुला काही दिसलं नसेल, आणि तुला वाटलं असेल आई रुसून बसली. मी रुसून बसले नव्हते. मी सकाळपासून त्याच्यासमोर बसले होते. कॉम्प्युटर रुसला होता.

सोनेरी बसवला त्याच दिवसापासून तो मंद झाला. बाण सरकवला की तो सरकतच राहायचा, म्हाताऱ्याने रस्ता ओलांडावा तसा. मग दर थोड्या वेळाने खण्णकन आवाज करून पाटी यायची. सोनेरी म्हणायचा, संशयास्पद काहीतरी सापडलंय. तो गेला की हिरवा म्हणायचा, संशयास्पद काहीतरी सापडलंय. बाबा दोघांना हो हो करत होते. शनिवारी पडदा निळा झाला आणि तसाच राहिला.

चष्मा घरी आला. त्याने कॉम्प्युटर चालू केला, दोन्ही चिन्हं बघितली आणि चष्मा काढून पुसायला लागला. म्हणाला, काकू, हे कुणी सांगितलं तुम्हाला? मी म्हटलं, कुणी कशाला सांगायला हवं, दोन राखणदार एकापेक्षा बरे. तो म्हणाला, माणसं असती तर बरे. यांचं तसं नसतं. घरात दुसरा कुणी दरवाजे तपासत फिरताना दिसला की याला वाटतं तोच चोर. त्यालाही याच्याबद्दल तेच वाटतं. दोघं दिवसभर एकमेकांची मानगूट धरून उभे, आणि दार सताड उघडं.

बाबा हसले. म्हणाले, अगदी आमच्या घरातली गोष्ट सांगितलीत. मी त्यांच्याकडे बघितलं तेव्हा परत गुडघा चोळायला लागले. त्यांना म्हणायचं होतं ते मला कळलं, मी एवढी बावळट नाही. पण त्या विहीणबाईंचं आणि माझं काय भांडण? मी त्यांना कधी एक वाकडा शब्द बोलले आहे का? मनात बोलते. मनातलं धरायचं नाही.

चष्म्याने विचारलं, एक काढावा लागेल, कुठला काढू? माझ्याने सांगवेना. मी म्हटलं, आधी मला हे सांगा की घाण आत आली कुठून. तुम्ही एवढे शहाणे आहात तर शोधा. त्याला वेळ लागला. मी चहा दिला, तो निवला. मग त्याने मला जवळ बोलावलं आणि बोट ठेवून दाखवलं. तोच फोटो, आत फोटो नसलेला. बाबांनी पाठवणाऱ्याचं नाव मोठ्याने वाचलं.

विहीणबाई.

नाव मला तेव्हाही दिसलं होतं. त्यांच्या नावाने आलं, फोटो आहे म्हणून आलं, मला वाटलं ठकीचा आहे, परत माझ्याआधी यांनी बघितला. म्हणून तर एवढ्या टिचक्या मारल्या. चष्मा म्हणाला, त्यांनी मुद्दाम पाठवलं नसणार, त्यांचा कॉम्प्युटर आधी आजारी पडला, त्याने आपणहून ओळखीच्या सगळ्यांना वाटलं. तुमच्याकडे आलं, तुमच्याकडून पुढे गेलं. सर्दीसारखं.

मग मी तारीख लावली. मला लावता येते. माझ्याकडे ती घाण आली, साहेबांना गेली, तू मला झापलंस. आणि लगेच तू विहीणबाईंकडे गेलीस, एका दिवसात, ठकीला जावयाकडे सोडून. तू त्यांची सेवा करायला गेली नव्हतीस. तू त्यांचं घाण झालेलं घर झाडायला गेली होतीस. म्हणजे तुला माहीत होतं सुरुवात कुठून झाली.

माहीत होतं आणि हात लावू नकोस मला म्हणालीस. ब्लॉक मला केलंस. त्यांच्याकडे जेवायला बसलीस.

मी हे गिळणार नाही. चष्म्याला पाठवून दिलं, कॉम्प्युटर दोन्ही राखणदारांसकट तसाच ठेवलाय. उद्या सकाळच्या बसने मी विहीणबाईंकडे चालले आहे. बाबा म्हणतात नको. मी त्यांच्या तोंडावर सांगणार आहे की बाई, गोळ्यांची जाहिरात तुमच्या घरातून निघाली, लेक माझी, आणि मार मी खाल्ला.

आई

२३ फेब्रुवारी

मने,

जाऊन आले.

बस उशिरा पोचली. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, मी वर पोचेपर्यंत सगळं बोलणं दोनदा म्हणून झालं होतं. दार उघडल्यावर त्या एवढ्या खूश झाल्या की मला पहिलं वाक्य सापडेना. एकट्या असतात. घरात आवाज फक्त फ्रिजचा. पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली, चपला भिंतीला समांतर. कॉम्प्युटर पुढच्या खोलीत, वर कापड घातलेलं. खुर्चीवर उशी आहे, तिचा अभ्रा एका बाजूने उसवलेला आणि हाताने टाके घातलेले, आंधळ्याने घालावेत तसे. या एका गोष्टीत तरी मी वरचढ आहे.

त्यांनी विचारलं, अचानक कशा आलात? मी म्हटलं, तुमचा अँटीव्हायरस बघायला आले. आता हे मी का म्हटलं ते मला माहीत नाही. त्यांनी कापड काढून दाखवला. सोनेरी, तलवारवाला. कोपऱ्यात बसून दर थोड्या वेळाने पाटी दाखवतो की मी आज तुमचं रक्षण केलं. मी बोलायला तोंड उघडणार तर त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, थांबा हं, तिचा फोन यायची वेळ झाली. आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा कपडे बदललेले, केस विंचरलेले. दिवा तोंडावर येईल असा वळवला. मग खुर्चीत सरळ बसल्या, मुलाखतीला बसतात तशा.

मी त्यांना म्हटलं, मी आहे म्हणून सांगू नका. त्यांनी कारण विचारलं नाही. मी बाजूला पलंगावर बसले, तिथून तुला मी दिसत नव्हते. समोर आले असते तर तू म्हणाली असतीस, पुढचं दार बंद केलं तर आई मागच्या दाराने आली. मला पडदा तिरका दिसत होता. ठकीचा एक कान दिसला. हात दिसला एकदा, काहीतरी आपटत होती. तू दिसलीच नाहीस, नुसता आवाज.

तर हे मी तुला सांगते, कारण तुला ते ऐकायला मिळत नाही. तू अशी बोलत होतीस, हो आई. चालेल आई. तुम्ही काळजी करू नका. तुम्हाला जमेल तसं करा. त्यांनी तुला ठकीच्या तेलाबद्दल काहीतरी सांगितलं, ते चुकीचं होतं. मला तिथे बसून कळलं ते चुकीचं आहे, आणि तुला कळलंच असणार, कारण मी तुला तसं लावू दिलं नव्हतं. तू म्हणालीस, बरं आई, बघते. आणि थोड्या वेळात, ठेवते आई, काम आहे. झालं. मला वाटलं होतं तुमचं तासतासभर चालतं.

त्यांनी कापड परत घातलं. कोपरे नीट केले. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तुमच्याशीही अशीच बोलते का हो?"

मी म्हटलं, "नाही. माझ्यावर खेकसते."

"मग तुमचं बरं आहे," त्या म्हणाल्या.

मने, मला वाटलं त्या टोमणा मारतायत. पण त्या वळल्या तेव्हा तोंड टोमण्याचं नव्हतं. सांगायला लागल्या. तू एवढा दिवस येऊन कॉम्प्युटरसमोर बसलीस, त्या दहा वेळा विचारत होत्या की माझ्याकडून काही बिघडलं का, आणि तू दर वेळी म्हणालीस, नाही हो, जुना झालाय फक्त. त्यांना ते खरं वाटलं नाही. चाळीस वर्षं पोरांची तोंडं बघितली आहेत, खोटं कळतं म्हणाल्या. मागे एकदा त्यांनी ठकीला चुकीचं उचललं, तू बघितलंस, काही बोलली नाहीस, आणि चार दिवसांनी त्यांचा मुलगा फोनवर म्हणाला की आई, बाळाची मान जरा सांभाळ. त्यांना सगळं असं मुलाकडून येतं. तुझ्याकडून फक्त बरं आई येतं. म्हणाल्या, "परवा तिने तुम्हाला कॉम्प्युटरवरून झापलं, बोलणं बंद केलं, हे मुलाने मला सांगितलं तेव्हा मला हेवा वाटला हो. मला तिने बोलणं बंद केलं तरी कळायचं नाही. आवाज तोच राहील."

हेवा. मला. त्यांना.

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. फोटो तुमच्याकडून आला, एवढंच म्हणायचं होतं. एक वाक्य. त्यासाठी मी बसचं तिकीट काढलं होतं. आणि त्या विचारतच होत्या की काय बिघडलं, म्हणजे मी सांगितलं असतं तर ते मागितलेलंच दिलं असतं. मी त्यांच्याकडे बघितलं. विंचरलेल्या केसांकडे बघितलं. म्हटलं, जुना झालाय, दुसरं काही नाही. माझापण झालाय.

त्यांना खोटं कळतं. तरी त्यांनी मान हलवली.

मला हे खटकलं नाही असं समजू नकोस. परत येताना बसमध्ये मी पूर्ण वेळ धुमसत होते. तुला सांगते कशावर. तू त्यांना वाचवलंस. तुला कळलं की म्हातारी बाई एकटी आहे, खचेल. मग मला का नाही वाचवलंस? मी खचत नाही असं तुला कुणी सांगितलं? मोकळं बोलायला मी, आणि जपायला त्या. मला दोन्ही पाहिजे. असं मागता येत नसेल तर तसं सांग.

उशी घेऊन आले आहे. ती शिवण मला बघवेना.

आई

२ मार्च

मने,

परवा तू फोन केलास आणि बाबांनी न विचारता माझ्या कानाला लावला. लबाड माणूस. माझ्या दोन्ही हातांत कापड होतं.

तू आधी रडलीस, ते मी कुणाला सांगणार नाही. मग विचारलंस, "अगं आई, दोन दोन कशाला टाकलेस? डोकं आहे का तुला?" आणि तेल चुकीचं आहे हे तुला कळलंय, तू ते लावत नाहीस, आणि मी तिथे पलंगावर लपून बसायला वेडी आहे का, आणि या वयात तो जिना चढायची काय गरज होती. तू बराच वेळ बोलत होतीस. मी मधे तोंड घातलं नाही. बाबा म्हणाले, बरी आहेस ना, एकदाही उलटून बोलली नाहीस. मी म्हटलं, ऐकू द्या.

तिसऱ्या कॉम्प्युटरचं तू जे सांगितलंस तेही पटलं म्हणून नाही, पण ऐकून घेतलं. तुझं म्हणणं, डब्यातली तिसरी जागा तेव्हा रिकामी होती, समोर जो आजारी होता त्याला दिली, आत कुणाचं नाव बघितलं नाही. मी असते तर बघितलं असतं. असो.

चष्मा येऊन गेला. मी सोनेरी काढायला सांगितला. त्याने दोनदा विचारलं, भारी आहे काकू, पैसे गेलेत. मी म्हटलं, काढा. केलेलं काम दिवसभर बोलून दाखवणारा या घरात एक पुरे, ती मी आहे. हिरवा ठेवला. तुझ्या सासूबाईंकडे आहे तो नाही, तू निवडलेला नाही, मी निवडलाय. पूर्ण कॉम्प्युटर तपासून घेतला, एक रात्र आणि एक सकाळ चालला होता. आता चिठ्ठ्या जात नाहीत. मुख्याध्यापकांना मी स्वतः जाऊन सांगितलं की ते सर्दीसारखं असतं. त्यांनी पडदे घेतले. मान खाली घालून घेतले, म्हणजे उघडून वाचली असणार.

अनोळखी काही आलं तर उघडणार नाही. ओळखीचं आलं तर तुला विचारून उघडीन, आणि मी कितीही वेळा विचारलं तरी तू न चिडता सांगायचं. चिडलीस तरी चालेल. पण सांगायचं.

विहीणबाईंची उशी शिवून झाली, बाबा नेऊन देतील. मी जाणार नाही एवढ्यात. त्या चांगल्या आहेत हे मला कळलंय, त्यामुळे जास्त त्रास होतो. वाईट असत्या तर एका बाजूला ठेवता आल्या असत्या.

आज सकाळीच त्यांचा फोन आला. म्हणाल्या, तुम्हाला म्हणून आधी सांगते, काल ठकी हसली तेव्हा मला खाली पांढरं दिसलं. दात आलाय. त्या आधी सांगत होत्या, मला कळत होतं त्या का सांगतायत, आणि तरी फोन ठेवताना मी तो आपटलाच. म्हणजे दातसुद्धा त्यांनीच बघितला.

रविवारी मी समोर बसते. दिवा वगैरे वळवणार नाही, आहे तशी बसते. तू ठकीला मांडीवर घे आणि तोंड उघडून दाखव, रडली तरी चालेल. आणि एक काम कर. तो दात मी बघेपर्यंत तिचा दुसरा येऊ देऊ नकोस.

आई